राग नसलेली बाई

आमच्या बेटावर थाक बुन-ये नावाची बाई होती. तिला राग येत नाही अशी तिची ख्याती होती, आणि ही ख्याती खाडी ओलांडून मोक्पो शहरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांपर्यंत पोचली होती. तिच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढी दगडी भिंत. मी सांगते आहे त्यातलं बरंचसं त्या भिंतीवरून पाहिलेलं आहे, आणि उरलेलं तिच्या सुनेनं, युन-दॉकनं, मला सांगितलेलं आहे.

बुन-ये मुळात अशी नव्हती. तरुणपणी तिच्या जिभेला सगळं मिठागर टरकून असायचं. नवरा तापानं गेला, पदरात गी-थे हा एकुलता मुलगा, आणि दीर मिठाचे वाफे बळकवायला टपलेले. तेव्हा तिनं मीठ ओढायची लाकडी फळी थोरल्या दिराच्या पाठीत घातली होती. माझी आई सांगायची, हिचं भांडण सुरू झालं की ओहोटीच्या चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून ऐकत उभ्या राहायच्या.

युद्ध संपल्यानंतर बेटावर संजीवन सभा भरल्या. तंबू ठोकला होता, खाली भाताचा पेंढा पसरला होता. आमची मंडळी पवित्रतेवर जोर देणारी. पापांची क्षमा मिळाली म्हणजे झालं असं आमच्याकडे मानत नाहीत. त्यापुढे देव अंतःकरण आतून धुतो आणि माणूस याच जन्मात पूर्ण होऊ शकतो, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्या तंबूत बुन-ये रडत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या रागाचं मूळच प्रभूनं उपटून टाकलं." दुसऱ्या दिवशी ती दिराच्या दारात जाऊन गुडघ्यांवर बसली. दिराला वाटलं, आता ही घर जाळायला आली. तिनं माफी मागितली तेव्हा तो माणूस इतका गोंधळला की त्यानं तिला आत बोलावून जेवायला वाढलं.

ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. पुढं कितीतरी वर्षं कुणी तिचा चढलेला आवाज ऐकला नाही.

मग मिन पाळक आले. मुख्य भूमीवरचे, भले गृहस्थ, पण त्यांची मंडळी लहान, पत्र्याच्या छपराची, आणि वरच्या लोकांना दाखवण्यासारखं तिथं काही नव्हतं. त्यांना बुन-ये सापडली. ते व्यासपीठावरून म्हणायचे, "पवित्रीकरण म्हणजे काय ते बघायला सोलला जायला नको. थाक क्वॉनसांच्या घरी जा." क्वॉनसा हा आमच्याकडे मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाईला मिळणारा मान. तो तिला वयाआधीच मिळाला. बायका आपली भांडणं घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. बाहेरगावचे पाळक आले की त्यांना तिच्या घरी जेवायला नेत, आणि ते जेवता जेवता तिच्या तोंडाकडे बघत बसत. चटका लागला, भांडं फुटलं, तरी ती हसते की नाही हे बघत.

युन-दॉक लग्न होऊन आली ती अशा घरात. ती बाहेरची. माहेरी पितरांना पानं वाढणारे लोक. लग्नासाठी बाप्तिस्मा घेतलेला. पोरगी कामाला वाघीण, पण हात धांदरट. पहिल्याच वर्षी तिनं सोयाबीनच्या सॉसचा रांजण उघडा टाकला आणि त्यात पाणी शिरून सगळा सॉस नासला. कुठल्याही घरात सासूनं तीन पिढ्यांचा उद्धार केला असता. बुन-ये फक्त हसली, म्हणाली, "असू दे, सूनबाई," आणि बाही सरसावून रांजण घासायला बसली. मग पहाटेच्या प्रार्थनेला, सगळ्यांच्या देखत मोठ्यानं, "प्रभू, माझ्या सुनेच्या निष्काळजीपणाची क्षमा कर."

युन-दॉक भिंतीशी येऊन मला म्हणाली, "बोक-शिमताई, तुझी सासू तुला शिव्या देते?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मग काय होतं?"

"मी मनात उलट शिव्या देते. मग ती म्हणते, जेव. मग मी जेवते."

"नशीबवान आहेस," ती म्हणाली. "ही मला काही म्हणतच नाही गं. मी चुकते, ती हसते. मी परत चुकते, ती परत हसते. एकदा तरी तिनं मला कानाखाली द्यावी. निदान हिशेब मिटला असं तरी वाटेल. या घरात मी एकटीच पापी आहे."

मी हसले होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला जरा उशिरा दिसलं.

एकदा जेवताना तिनं सासूला विचारलंसुद्धा. "आई, प्रभूनं देवळातल्या व्यापाऱ्यांची मेजं उलथली होती ना? तो चिडला नव्हता का?"

बुन-येनं भात चावून संपवला. "तो पवित्र राग होता."

"मग तुम्ही पण कधीतरी तसला करा ना."

गी-थे खाली मान घालून सूप पीत राहिला. तो स्वभावानंच गरीब. आई आणि बायको यांच्यामध्ये तो उंबरठ्यासारखा होता, दोघी त्याच्यावरून ये-जा करायच्या. पुढं अरबस्तानात बांधकामाला माणसं हवीत असं कळलं तेव्हा तो गेला. घरी दोघी बायका उरल्या, आणि मिठागर.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी ते पाहिलं. मिठागरात दाट झालेलं खारं पाणी साठवायला जमिनीत खड्डे असतात, वर बसकं छप्पर. पाऊस यायच्या आत वाफ्यांतलं पाणी त्यात उतरवायचं आणि ऊन पडलं की पायरहाटानं परत वर चढवायचं. मी आमच्या खड्ड्यातलं पाणी बघायला गेले होते. शेजारच्या, बुन-येच्या छपराखालून आवाज आला. जनावर अडकलंय असं वाटून मी वाकून पाहिलं. आत क्वॉनसाबाई उकिडव्या बसल्या होत्या. तोंडात पंचा कोंबलेला, आणि त्या पंच्यात त्या ओरडत होत्या. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मुठींनी मांड्या बडवत होत्या.

मला बघून त्यांनी पंचा काढला. श्वास लागला होता. म्हणाल्या, "तिनं माझ्या आईनं दिलेली वाटी फोडली."

"मग ओरडा ना तिला."

"कसं ओरडू?" त्या म्हणाल्या. "बोक-शिम, मी ओरडले तर उद्या सगळ्या बेटाला कळेल. मग त्या पोरी, ज्या माझ्याकडे बघून देवाला चिकटल्यात, त्या काय म्हणतील? म्हणतील, पवित्रीकरण असं काही नसतंच. मी एक वाटी धरून बसायची आणि त्यांचा विश्वास फोडायचा?"

"कधीपासून चाललंय हे?"

त्यांनी पंचा नीट घडी घालून मांडीवर ठेवला. "गेला होता गं राग. खरंच गेला होता. मग हळूहळू परत आला. कुणाला सांगणार? आधी वाटलं, पाळकांना सांगावं. तर त्याच रविवारी त्यांनी माझं नाव घेऊन प्रवचन केलं." त्या उठल्या. छप्पर इतकं खाली की ताठ उभं राहता येत नव्हतं. तशाच वाकून बाहेर आल्या, आणि बाहेर येईपर्यंत चेहऱ्यावर हसू परत आलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. युन-दॉकलाही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात युन-दॉकला दिवस गेलेले होते. गी-थे सुटीवर येऊन गेला होता, त्या वेळचे. एका रविवारी उपासनेच्या मध्यात खिडकीतलं ऊन विझलं. मिठागरातल्या बायकांना हे न बघताच कळतं. वारा दक्षिणेचा झाला होता. शेवटच्या वाफ्यांत पाणी तयार होतं, दोन दिवसांत मीठ धरलं असतं. पण रविवारी काम नाही हा आमच्याकडे नियम, आणि थाक क्वॉनसा म्हणजे त्या नियमाचा खांब. युन-दॉक पहिल्या ओळीत सासूशेजारी बसलेली. तिनं सासूच्या कानाशी तोंड नेलं. मी मागच्याच ओळीत होते, मला ऐकू आलं.

"आई, पाणी उतरवायला हवं."

बुन-ये भजन म्हणत राहिली.

"आई, दोघींनी केलं तर अर्ध्या तासात होईल."

बुन-येनं मान हलवली, अगदी थोडी. सगळं देऊळ त्या दोघींकडे बघत होतं. मिन पाळकसुद्धा. युन-दॉक उठली, पोटावर हात ठेवून मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. दार वाजलं. बुन-येचा आवाज तेवढा वर चढला, भजनात.

मी का नाही उठले, असं पुढं मला युन-दॉकनं कधी विचारलं नाही. माझेही वाफे होते. पण क्वॉनसाबाई बसल्या आहेत म्हटल्यावर आम्ही सगळ्याच बसलो.

पाऊस आला तेव्हा ती पोर एकटी बांधावरून पळत पाणी सोडायच्या फळ्या उघडत होती. शेवटच्या वाफ्यापाशी निसरड्या चिखलात तिचा पाय गेला आणि ती बांधाच्या दगडावर पोटावर आपटली. उपासना सुटल्यावर आम्ही गेलो तर ती छपराच्या कडेला बसली होती, भिजलेली. पाणी तिनं बरंचसं उतरवलं होतं. मूल मात्र संध्याकाळपर्यंत गेलं.

बुन-येनं सगळं केलं. दाईला बोलावलं, कपडे धुतले, खालच्या चुलीत जाळ घालून खोलीची जमीन तापवली, बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप रांधलं. मिन पाळक आले तेव्हा तिनं गुडघे टेकले आणि शांत आवाजात म्हणाली, "प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं. त्याचं नाव धन्य असो." पाळकांचे डोळे भरून आले. अंथरुणावरच्या युन-दॉकनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून ती सासूशी बोलली नाही. सूप दारात गार व्हायचं. मी भिंतीवरून पेज द्यायचे, ती खायची.

बुन-ये झपाट्यानं वाळली. पोटात आग पडायची म्हणून नुसत्या भातावर राहू लागली. हसू मात्र होतं तसंच. आता ते तिला काढताच येत नव्हतं असं मला वाटायचं.

हिवाळ्याच्या तोंडावर विभागाची मोठी सभा आमच्या देवळात ठरली. आसपासच्या बेटांवरून होड्या भरून माणसं आली. मिन पाळकांनी क्वॉनसांची साक्ष ठेवली होती. नातवंड गमावूनही देवाचे आभार मानणारी बाई, अशी त्यांनी ओळख करून दिली. ती पुढं गेली. लाकडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "तो गेला होता, आणि परत आला. मी तो लपवला. त्या रविवारी पाऊस येणार हे मला सुनेच्या आधी कळलं होतं. मला उठायचं होतं. देवासाठी नाही मी बसले. तुम्ही सगळे बघत होता म्हणून बसले. मी पूर्ण वगैरे काही नाही. मला क्वॉनसा म्हणू नका."

मला वाटलं, आता छप्पर कोसळणार. मागून एक म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "काय ही नम्रता." दुसरी म्हणाली, "इतकी मोठी बाई, आणि स्वतःला किती खाली धरते." मग सगळं देऊळ रडायला लागलं. बाहेरून आलेले पाळक उठून तिच्यासमोर वाकले. मिन पाळक गहिवरून म्हणाले, "पवित्र जन जितका देवाजवळ जातो तितका त्याला आपला लहानसा डागही डोंगराएवढा दिसतो, हे आज आपण पाहिलं."

"लहानसा नाही," बुन-ये म्हणाली. "तुम्हाला कळत नाहीये. मी खोटं वागले."

"आमेन," लोक म्हणाले.

ती कठडा धरून तशीच उभी. सगळ्या बाजूंनी तिच्याकडे प्रेमानं बघत होते. बुडणारं माणूस किनाऱ्यावरच्या लोकांकडे बघतं, तसं ती त्यांच्याकडे बघत होती, आणि किनाऱ्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी ती पाळकांच्या घरी गेली. मलाही सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. "या बाईनं मला खड्ड्यापाशी पाहिलंय, हिला विचारा," म्हणाली. मी सांगितलं. या वेळी त्यांनी विश्वास ठेवला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"क्वॉनसाबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे इथंच राहू द्या. नवे लोक आहेत. त्यांच्यासाठी."

"आणि मी कुणाकडे जाऊ?"

"देवाकडे. देवाला सगळं ठाऊकच आहे."

"देवाला ठाऊक आहे ते मला माहितीय," ती म्हणाली. "माणसाला कुणाला सांगू?"

पाळकांच्या बायकोनं आम्हाला बार्लीचा चहा दिला. तो पिऊन आम्ही उठलो.

देवळात ती काय बोलली ते मी युन-दॉकला सभेच्याच दिवशी सांगितलं होतं. मग हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं, किमची, घालायचे दिवस आले. अंगणात कोबीचा ढीग, दोघी समोरासमोर, तिसरी मी मदतीला. मुक्यानं काम चाललं होतं. युन-दॉकनं मसाल्याच्या परातीत खारवलेल्या मासळीचं पाणी ओतलं, आणि ओतत राहिली. मला अजूनही सांगता येत नाही की ती धांदरटपणानं ओतत होती की मुद्दाम. बुन-येचे हात थांबले. ओठ हसायला लागले होते. आणि मग ते हसू मध्येच मोडलं.

"आंधळी आहेस का तू?" ती ओरडली. "सगळी परात नासवलीस. रांजण नासवलास, वाटी फोडलीस, आता वर्षभराची किमची घालव. आईबापांनी हात दिले की खुरं दिली तुला?"

आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. युन-दॉक ताडकन उठली. तिखटानं लाल झालेल्या हातांनी तिनं परात ढकलून दिली.

"वाटी फोडली ते लक्षात आहे," ती म्हणाली. "माझं मूल गेलं ते लक्षात आहे का? भजन म्हणत बसला होतात तुम्ही. मी हाक मारली. दोनदा हाक मारली तुम्हाला."

"ऐकू आली होती मला."

"मग?"

"ऐकू आली होती," बुन-ये परत म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. ती कोबीच्या ढिगाशेजारी, ओल्या फरशीवरच बसली. "मी उठायला हवं होतं. माझं चुकलं, सूनबाई. पोरी, माझं चुकलं. माझ्या नातवाला मी घालवलं."

युन-दॉक उभीच. मग तीही खाली बसली आणि मोठ्यानं, गळा काढून रडली. मूल गेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बुन-येनं तिला हात लावायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, "हात लावू नका, तिखट आहे." आणि रडत राहिली. बुन-येनं तरी हात लावला.

मी मसाला सावरत होते. काय करणार, कुणीतरी करायलाच हवं होतं. त्यात मिरचीची भुकटी आणि मुळा वाढवला, तेव्हा तो बराचसा जागेवर आला. किमची त्या वर्षी खारटच झाली, पण खाल्ली सगळ्यांनी.

यानंतर सगळं गोड झालं असं म्हणता येणार नाही. युन-दॉकच्या मनातलं ते कधी पूर्ण गेलं नाही, आणि गेलं असं तिनं कधी म्हटलंही नाही. दोघी भांडायच्या. बुन-येची जुनी जीभ परत आली होती, फक्त आता ती बोलून झाल्यावर थोड्या वेळानं स्वयंपाकघरात जाऊन म्हणायची, "मघाशी जास्त बोलले मी." कधी युन-दॉक म्हणायची, "हो, बोललात." कधी नुसतं पान वाढायची. पुढं तिला मुलगी झाली. गी-थे परत आला तेव्हा आई आणि बायको कोळशाच्या शेगडीवरून भांडताना बघून तो दारातच थबकला, आणि त्यानं मला भिंतीवरून हळूच विचारलं, "घरी काही झालंय का?"

मंडळीत मात्र तिची सुटका झाली नाही. मान परत करते म्हणाली तर घेतला नाही. भांडणाचे आवाज गल्लीत ऐकू येत, तरी लोक म्हणत, सून फार कडक आहे, क्वॉनसाबाईंना किती सोसावं लागतं. हे ऐकून ती चिडायची. "माझ्या सुनेला नावं ठेवू नका," म्हणायची, तर तेही तिच्या चांगुलपणात जमा व्हायचं. तिला कळून चुकलं होतं की बाहेर ती आता कधीच साधी बाई होणार नाही.

मी एकदा विचारलं, "मग तुम्ही तो मार्ग सोडला का? पूर्ण व्हायचा?"

आम्ही उन्हात शिंपल्या सोलत होतो. ती म्हणाली, "नाही गं. प्रभूनं सांगितलंय ते सोडून कसं चालेल? पण मला वाटायचं, पूर्ण म्हणजे जिच्याकडून काही चुकत नाही ती. मग माझं चुकायचंच बंद झालं. चूक झाली तरी ती माझी नसायची. सगळ्या चुका त्या पोरीच्या. इतकी वर्षं मी एकदाही कुणाला 'माफ कर' म्हटलं नव्हतं, बघ. तंबूच्या दुसऱ्या दिवशी दिराला म्हटलं होतं, तेवढंच." तिनं पुढची शिंपली उचलली. "त्या दिवशी कदाचित मी सगळ्यात जवळ होते."

मग तिनं माझ्या टोपलीत बघितलं आणि म्हणाली, अर्ध्या शिंपल्यांत वाळू ठेवलीस तू, तुझ्या सासूनं तुला काही शिकवलंच नाही. आतून युन-दॉक ओरडली, "आई, शेजारच्यांना तरी सोडा." बुन-येनं टोपली माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतःच धुवायला बसली.